गाईला स्पॅनिश येत नव्हतं

लिझ तिसरीत नापास होणार, ही बातमी तिच्या आईला, निमियाला, बस थांब्यावर चिपे, म्हणजे चीज घातलेले पाव, विकताना कळली. शाळेच्या बाईंनी टोपलीतला गरम चिपा घेतला, तिथेच खाल्ला आणि ओठावरचं चीज पुसत सांगितलं की मुलगी हुशार आहे, गणित तर तोंडपाठ आहे, पण स्पॅनिशमध्ये काही विचारलं की खांबासारखी उभी राहते. नोव्हेंबरअखेर मुख्याध्यापक स्वतः तोंडी परीक्षा घेणार होते. तिथे बोलली नाही, तर पुन्हा तिसरी.

निमिया स्वतः तीन वर्षं तिसरीत बसली होती. घरी ग्वारानी, शाळेत स्पॅनिश. ग्वारानीतून पाणी मागितलं म्हणून तिला मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकायला लावलं होतं. चौथीचं तोंड तिने पाहिलंच नाही. पोरीचं तसं होऊ द्यायचं नाही एवढंच तिला कळत होतं, आणि त्या दिवसापासून तिला एका जागी बसवेना.

शिकवणीचा शोध सुरू झाला. औषधाच्या दुकानातला पोरगा ब्वेनोस आयरेसला राहून आला होता. तो आला आणि तासभर तिथल्या फुटबॉलबद्दल बोलून गेला, तेही ग्वारानीतून. मग नवऱ्याच्या, म्हणजे सेल्सोच्या, चुलत बहिणीला बोलावलं. तिला स्पॅनिश चांगलं येत होतं, पण तेरेरेचा, पाल्याच्या त्या थंडगार चहाचा, पेला फिरू लागला की तीही ग्वारानीवर यायची. तेरेरे पीत स्पॅनिश बोलणं म्हणजे बूट घालून आंघोळ केल्यासारखं होतं.

शेवटी निमियाने चर्चमागच्या सुनिल्दाबाईंचं दार वाजवलं. बाई जन्मभर राजधानीत शिकवून निवृत्त झालेल्या, भर उन्हात लांब मोजे घालणाऱ्या. लिझला रोज आपल्या ओसरीवर शिकवायला त्या तयार झाल्या, पण परीक्षेपर्यंत निमियाच्या घरात ग्वारानीचा एक शब्द निघाला तर शिकवणी बंद, अशी अट घालून.

"मग भांडायचं कसं गं?" सेल्सोने विचारलं.

"स्पॅनिशमधून."

"मग राहू दे. नाहीच भांडत."

दुसऱ्या दिवसापासून घराची पार कचेरी झाली. रस्सा खारट झाला तेव्हा सेल्सोने बराच विचार करून वाक्य जुळवलं, "या रश्श्यात मिठाचे प्रमाण अधिक आहे, असे मला वाटते." निमियाने "आपल्या मताबद्दल मी आभारी आहे" असं उत्तर दिलं आणि दोघं खाली मान घालून जेवले. कुत्र्याला बस म्हटलं तर तो उभाच. जिभेला सवय राहावी म्हणून निमियाने थांब्यावरही हेच पथ्य पाळलं. गिऱ्हाईकं चिप्यांइतकीच तिच्या टोमण्यांसाठी यायची. ती नुसती "शुभ प्रभात" म्हणू लागली तेव्हा घरात कुणी गेलं असं समजून दोन बायका सांत्वनाला येऊन गेल्या. आणि लिझ? ती आता दोन्ही भाषांत गप्प झाली. काळजीने निमियाच्या हातून चिपे करपू लागले.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सेल्सोकडून गोठ्याचं फाटक उघडं राहिलं आणि मोरोती, त्यांची गाय, थेट सुनिल्दाबाईंच्या बागेत घुसली. नवरा-बायको धावत कुंपणापाशी आले. ओसरीवर बाई लिझला शिकवत बसलेल्या, त्यामुळे ग्वारानीची सोय नव्हती.

"मोरोती, कृपया बाहेर यावे," सेल्सो म्हणाला. गाईने एक गुलाब खाल्ला.

"आपले हे वर्तन उचित नाही," निमियाने बजावलं. गाईने दुसरा खाल्ला आणि दोरीवर वाळणाऱ्या बाईंच्या मोज्याला तोंड लावलं.

तेव्हा सुनिल्दाबाई उठल्या. त्यांच्या तोंडून जी ग्वारानी बाहेर पडली, तशी निमियाने बैलबाजारातही ऐकली नव्हती. मोरोतीने मोजा टाकला आणि मुकाट्याने घरची वाट धरली. अट मोडली, आता शिकवणी बंद होणार असं निमियाला वाटलं, पण बाईंनी शांतपणे पुस्तक उघडलं.

"अट तुमच्या घराला होती," त्या स्पॅनिशमध्ये म्हणाल्या. "हे माझे घर आहे."

दुसऱ्या दिवशी निमिया टोपली घेऊन वर्गाच्या खिडकीबाहेर उभी राहिली. शेजारी छत्री टेकून सुनिल्दाबाई. मुख्याध्यापकांनी लिझला घरी अलीकडे काय घडले ते सांगायला सांगितलं. लिझ खांबासारखी उभी. निमियाच्या गुडघ्यांना मक्याचे दाणे टोचू लागले.

मग लिझला कशाची तरी आठवण होऊन हसू फुटलं.

"महोदय, आमची गाय बाईंच्या उद्यानात शिरली," ती म्हणाली, आणि मग थांबेच ना. गुलाब सांगितले, मोजा सांगितला, बाबांची नम्र विनंतीही सांगितली. "त्यावर बाई अत्यंत क्रुद्ध झाल्या आणि त्यांनी गाईच्या मातोश्रींविषयी काही विचार मांडले."

मुख्याध्यापकांच्या मिशा हलल्या. "नेमके काय म्हणाल्या?"

"ते ग्वारानीत आहे, महोदय. परीक्षा संपेपर्यंत मनाई आहे."

त्यांनी कागदावर सही ठोकली, पेनाला टोपण लावलं आणि खुर्ची पुढे ओढून ग्वारानीत म्हणाले, "संपली परीक्षा. चौथीत गेलीस. आता सांग, पोरी."

बाहेर निमियाने टोपली खाली ठेवली. तिला रडू येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं.

"अगं ए टवळे," लिझने खिडकीकडे चोरून बघत सुरुवात केली, "तुझ्या आईने तुला शेण समजून टाकून द्यायला हवं होतं."

खिडकीच्या गजावर छत्री आपटली.

"चूक," सुनिल्दाबाई म्हणाल्या. "शेण हा शब्द मी वापरलाच नाही."

आणि गजांना तोंड लावून त्यांनी ते मूळ ग्वारानी वाक्य पहिल्यापासून, स्वच्छ उच्चारात, लिझकडून दोनदा म्हणवून घेतलं.