हिच्या गाडीची एक फेरी

एकसष्टाव्या वर्षी माणूस गाडी दुरुस्त करायला शिकू शकतो, तीही एका महिन्यात आणि तीही स्वस्तात, असं मी एका रात्री जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं. मुलगा ताटाकडे बघत राहिला. सून घटाघट पाणी प्यायली. सासरे म्हणाले, "जावईबापू, गेल्या आठवड्यात बल्ब बदलताना तुम्ही स्टुलावरून पडलात. ही गाडी आहे."

सासरे म्हणजे माझ्या बायकोचे वडील, आमचे आप्पा. वय शहाऐंशी. त्यांना ऐकू कमी येतं, पण टोमणा मारायची संधी आली की नीट ऐकू येतं. चौदा महिन्यांपूर्वी ही गेली तेव्हा ते आमच्याकडेच राहत होते. सासऱ्याला "आता पुढे काय" असं विचारायचं कसं, हे मला कळेना. जावयाला "मी राहू का" असं विचारायचं कसं, हे त्यांना कळेना. दोघंही गप्प बसलो आणि ते राहिले. बरंच झालं.

गाडी हिची. एकतीस वर्षांची, चार दारांची, कधीकाळी आकाशी रंगाची. ही गेल्यापासून ती इमारतीच्या तळमजल्यावर ताडपत्रीखाली उभी होती. चारही चाकं बसली होती, एका आरशात कोळ्यानं संसार मांडला होता. मग एक दिवस लिफ्टमध्ये नोटीस लागली : जी वाहने स्वतःच्या ताकदीने हलत नाहीत, ती महिनाअखेर हटवली जातील.

नोटीस सेक्रेटरींची. बुटके गृहस्थ, शर्टाला कडक इस्त्री, खिशात दोन पेनं. लोक आपल्या लेकराचं नाव ज्या मायेनं घेतात, त्या मायेनं ते 'नियम' म्हणतात. मी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"साहेब, ती हिची गाडी आहे."

"माहीत आहे मला. वहिनींबद्दल मला आदर आहे. पण गाडी हलत नाही."

"हलेल."

"हलताना मला दिसली पाहिजे. फाटकातून बाहेर, इमारतीला एक फेरी, आणि परत जागेवर. ढकलायची नाही, ओढायची नाही. महिन्याचा शेवटचा रविवार, सकाळी दहा."

"आणि नाही हलली तर?"

"सोमवारी भंगारवाला येईल. मी त्याच्याशी बोललोय."

हिचं कपाट मागच्या वर्षी सुनेनं आवरलं. मीच सांगितलं होतं तिला. कपडे गेले, आणि नंतर आठवडाभर मी रोज त्या उघड्या कपाटासमोर जाऊन उभा राहत होतो. तळमजल्यावरच्या रिकाम्या जागेसमोर तसंच उभं राहायची माझी तयारी नव्हती. म्हणून ती टेबलावरची घोषणा.

कोपऱ्यावरच्या मेस्त्रीनं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि कामाचा जो आकडा सांगितला, त्यात दुसरी गाडी आली असती. मग आमचं ठरलं. उघडायचं मी, घासायचं मी, रंगवायचं मी. बसवायचं आणि चालू करायचं त्यानं.

"काका, उघडताना कुठला नट कुठला ते लिहून ठेवा," तो म्हणाला.

"त्यात काय लिहायचं? लक्षात राहतं."

तो माझ्याकडे बघून हसला. डॉक्टर असं हसले की माणूस घाबरतो.

आता तळमजल्यावर दुरुस्तीचं काम करायचं नाही, असाही एक नियम निघाला. मग काय, गाडी लिफ्टनं तिसऱ्या मजल्यावर आमच्या घरात यायला लागली. जमेल तशी, तुकड्यातुकड्यानं. कार्बोरेटर मोरीत रॉकेलच्या बादलीत जाऊन बसला. पुढचे दोन दिवे जेवणाच्या टेबलावर ठेवले होते, ते जेवताना आमच्याकडे टक लावून बघायचे. चाकांवरच्या चकत्या भांड्यांच्या स्टँडमध्ये वाळत होत्या, आणि आप्पांनी एकदा त्यातल्या एकीत पोहे मागितले. सीटची कव्हरं मी कपडे धुण्याच्या मशीनमध्ये टाकली. त्यात एक स्प्रिंग राहिली होती. मशीन थरथरत थरथरत मोरीतून निघालं आणि स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आलं. सून भाजी चिरत होती. तिनं सुरी खाली ठेवली आणि मशीनला वाट करून दिली. कमालीची शांत मुलगी आहे.

मागची लांब सीट बैठकीत ठेवली होती. आप्पांना ती फार आवडली. दुपारचे ते तिच्यावरच झोपायला लागले, खिडकीकडे डोकं टेकवून आणि तोंड उघडं टाकून. सून त्याच खोलीत बसून ऑफिसचं काम करते. एका दुपारी तिची मीटिंग चालू होती आणि पडद्यावर तिच्यामागे गाडीची सीट, सीटवर झोपलेले आप्पा, असं सगळं दिसत होतं.

"तुम्ही प्रवासात आहात का?" तिच्या साहेबांनी विचारलं.

सुनेनं मागे वळून बघितलं. आता हे सगळं समजावत बसण्यापेक्षा सोपं काय?

"हो सर," ती म्हणाली.

"आजोबा बरे आहेत ना? कुठे दवाखान्यात नेताय का?"

"हो सर."

साहेबांनी तिला दोन दिवसांची रजा दिली. दोन दिवस ती गाडीच्या दरवाजाच्या पत्र्याला पॉलिश पेपर घासत होती. तिसऱ्या दिवशी आप्पांना लवकर बरं वाटावं म्हणून ऑफिसातून फुलांचा गुच्छ आला. आप्पांनी कार्ड दोनदा वाचलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "जावईबापू, खरं सांगा. डॉक्टर काय म्हणाले?"

इथे आमच्या घराची एक पद्धत सांगायला हवी. पुढे जे झालं ते तिच्यामुळेच झालं.

ही होती तोपर्यंत घरातली निम्मी कामं कोण करतं, हे कुणाला माहीतच नव्हतं. ती व्हायची. ही गेल्यावर ती कामं कुणी करायची याबद्दल आम्ही बोललो नाही. कामाचं नाव काढलं की हिचं नाव निघणार, आणि ते कुणालाच जमत नव्हतं. म्हणून प्रत्येक जण गुपचूप करायला लागला. त्यामुळे एकेक काम आमच्याकडे एकतर चारदा व्हायचं, नाहीतर एकदाही नाही. गॅलरीतल्या झाडांना दिवसातून चारदा पाणी मिळालं आणि ती कुजून गेली. किराणा कुणीच आणला नाही, तेव्हा आम्ही एक अख्खा दिवस बिस्किटांवर काढला. हिच्या मावशीला वाढदिवसाला चौघांनी वेगवेगळे फोन केले. म्हातारीला वाटलं, आपल्याला काहीतरी मोठा आजार निघालाय आणि तो फक्त आपल्यालाच सांगितलेला नाही.

शनिवारी, सेक्रेटरींकडून एका दिवसाची परवानगी काढून, मेस्त्रीनं तळमजल्यावर सगळं बसवलं. शेवटी माझ्याकडे अकरा नट उरले. "हे कुठले?" त्यानं विचारलं. "जास्तीचे असतील," मी म्हटलं. त्यानं पुन्हा चार तास घातले. मग बाटलीतनं थोडं पेट्रोल ओतलं आणि किल्ली फिरवली. इंजिन आधी खाकरलं, मग खोकलं, आणि मग चालू झालं. मुलगा कधी नव्हे ते माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा होता.

मेस्त्री हात पुसत आम्हा चौघांना म्हणाला, "उद्या निघायच्या आधी ऑईलचा एक डबा घाला. आणि टाकीत पेट्रोल भरून आणा. आता घातलंय ते नुसतं आवाज काढण्यापुरतं आहे."

चौघांनी माना हलवल्या.

रविवारी सकाळी दहाला सेक्रेटरी वही घेऊन हजर. गॅलऱ्यांमध्ये लोक चहाचे कप घेऊन उभे होते. गाडीचा आकाशी रंग तीन ठिकाणी तीन छटांचा होता, पण लांबून बरी दिसत होती. मी कोट घातला होता. आम्ही चौघं खाली आलो, दारं उघडली, बसलो आणि दारं लावली. मी पुढे, माझ्या नेहमीच्या जागेवर. माझ्यामागे मुलगा, मध्ये सून, पलीकडे खिडकीशी आप्पा.

"चला," मी म्हटलं.

आप्पांनी खिडकीची काच थोडी खाली घेतली, ती नेहमी घेतात तशी. सुनेनं पर्स मांडीवर नीट ठेवली. आम्ही निघायची वाट बघत होतो. चांगला मिनिटभर तरी बघत असू.

मग मी शेजारी बघितलं. स्टिअरिंगमागे कुणीच नव्हतं.

काचेवर टकटक झाली. "चालवतंय कोण?" सेक्रेटरींनी विचारलं.

"बाबा, तुम्ही ना?" मागून मुलगा म्हणाला.

"मला कुठे येते?"

"महिनाभर क्लच आणि गिअर, क्लच आणि गिअर चालू होतं तुमचं."

"बोलायला लायसन लागत नाही. मला वाटलं तू चालवणार."

"मला स्कूटर येते फक्त. मला वाटलं ही."

"मी लग्नाआधी दोनदा नापास झालेय," सून त्याला म्हणाली. "तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही हसला होतात."

"मी चालवतो," आप्पा म्हणाले.

"नाही आप्पा," आम्ही तिघं एकदम म्हणालो.

आप्पांनी त्या रिकाम्या जागेकडे बघितलं. "पोरगी बसायची आणि निघायची," ते म्हणाले. "कोण चालवणार असं कधी विचारायलाच लागलं नाही आपल्याला."

चौदा महिन्यांत चौघं एकत्र असताना हिचा विषय निघाला तो हा पहिल्यांदा. सून रडायला लागली. मुलगा तिला काहीतरी सांगायला गेला आणि त्याला हसू आलं. मग मलाही आलं, आणि हसता हसता डोळ्यांचं भलतंच झालं. बाहेरून सेक्रेटरींना काय दिसत होतं? बंद गाडी, आत चांगले कपडे घातलेली चार माणसं, निम्मी रडतायत, निम्मी हसतायत.

त्यांनी घड्याळ बघितलं. खिशातून नोटीस काढून वाचली. पाठीमागे काही लिहिलंय का तेही बघितलं.

"चालक कोण असावा, हे नियमात लिहिलेलं नाही," ते म्हणाले. स्वतःच्याच नियमात भोक सापडल्यामुळे त्यांचा चेहरा पडला होता. "सरका. म्हणजे, सरकू नका. मी पलीकडून येतो."

ते स्टिअरिंगमागे बसले. ही बुटकी होती आणि सेक्रेटरीही बुटके, त्यामुळे सीट पुढेमागे करावी लागली नाही. मी खिडकीबाहेर बघत होतो.

गाडी चालू झाली. फाटकातून बाहेर पडली. आणि मागून असा धूर निघाला की वरच्या गॅलऱ्या एकेक करून दिसेनाशा झाल्या. खिडक्या धडाधड लागल्याचे आवाज तेवढे येत होते.

"ऑईल किती घातलंय?" सेक्रेटरी खोकत म्हणाले.

"एक डबा," मी म्हटलं. "पहाटे खाली येऊन घातला."

"पहाटे?" मुलगा म्हणाला. "मी काल रात्रीच घातला होता एक."

"मी संध्याकाळी घातला," सून म्हणाली.

आप्पा जरा वेळानं म्हणाले, "मी अर्धाच. हात थरथरला."

"आणि पेट्रोल?" सेक्रेटरींनी विचारलं.

ते चौघांपैकी कुणीच आणलं नव्हतं. इमारतीच्या मागच्या बाजूला, कचऱ्याच्या डब्यांशेजारी, गाडीनं दोन आचके दिले आणि ती थांबली.

मी डोळे मिटले. ढकलायची नाही, ओढायची नाही. सोमवार आलाच होता. डोळे उघडले तर सेक्रेटरी स्टिअरिंग घट्ट धरून बसले होते.

"अडतीस वर्षांत," ते म्हणाले, "माझ्या हातात गाडी बंद पडलेली नाही."

"नाही, म्हणजे यात तुमची चूक..."

"कुणी बघितलं का?"

धुरात आम्हालाच एकमेकांचे चेहरे नीट दिसत नव्हते. "नाही," मी म्हटलं.

"मग फेरी चालू आहे," ते म्हणाले. "नियमात वेळेची मर्यादा नाही."

मुलगा पेट्रोल आणायला चालत गेला. जाताना मेस्त्रीला जादा ऑईल काढायला पाठवतो म्हणाला. आम्ही चौघं गाडीतच बसून राहिलो. सगळेच उतरलो असतो तर फेरी मोडली असती, असं सेक्रेटरींचं मत पडलं. मग तेच म्हणाले, "वहिनींनी एकदा मला स्टेशनवर सोडलं होतं. पूर्ण रस्ताभर त्या बाकीच्या ड्रायव्हरांना शिव्या देत होत्या. मला त्यातल्या दोन माहीत नव्हत्या."

"त्या माझ्या," आप्पा अभिमानानं म्हणाले.

मग सुनेनं एक आठवण सांगितली, मग मी एक. मेस्त्री गाडीखाली झोपून ऑईल काढत होता, तोही खालून हसत होता.

दुपारी बाराला पाच मिनिटं कमी असताना गाडी तिच्या जागेवर उभी राहिली. सेक्रेटरींनी वही उघडून लिहिलं : फेरी पूर्ण. लागलेला वेळ, एक तास पंचावन्न मिनिटं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "दर महिन्याला एक फेरी लागेल. आणि दर वेळी मी येणार नाही. घरात एकाला तरी चालवता आली पाहिजे."

कुणी शिकायचं, हे आम्ही त्या रात्री टेबलावर बसून, तोंडानं बोलून ठरवलं. माझं नाव निघालं.

परवा माझा क्लासचा पहिला दिवस होता. शिकवणारी मुलगी बावीस-तेवीस वर्षांची असेल. मी क्लच कुठला ते विचारलं तेव्हा तिनं माझ्याकडे नीट निरखून बघितलं.

"काका, तुम्ही याआधी कधी गाडीत पुढे बसलायत का?"

"तीस वर्षं," मी म्हटलं.

"मग काहीच कसं माहीत नाही?"

"रस्त्याकडे बघायचं काम माझ्याकडे नव्हतं."

तिनं खाली माझ्या पायांकडे बघितलं.

"आता आहे," ती म्हणाली. "आणि काका, तुम्ही दाबताय तो ब्रेक नाहीये."