बादलीत पाय सोडण्याची योग्य पद्धत

कोणतेही सुख जोवर पद्धतशीर होत नाही, तोवर ते सुख आहे की नुसता आळस, हे खात्रीने सांगता येत नाही. आळशी माणूस आणि विश्रांती घेणारा माणूस लांबून सारखेच दिसतात. (जवळूनही सारखेच दिसतात, पण विश्रांती घेणाऱ्याजवळ वेळापत्रक असते.)

मी वजन-मापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानदारांचे तराजू कोणत्या बाजूला झुकतात हे पाहण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. त्यामुळे आमच्याच घरात काकांच्या रूपाने केवढे सुख मोजमापावाचून सांडते आहे, हे प्रथम माझ्या लक्षात यावे यात नवल नाही.

काका घड्याळे दुरुस्त करत. डोळ्याला भिंग लावून सारा जन्म त्यांनी दुसऱ्यांची वेळ सुधारली आणि मग दुकानाला कुलूप लावले. तेव्हापासून उन्हाळा लागला की मागच्या गॅलरीच्या दाराला ओला पडदा टाकायचा, वेताच्या खुर्चीत बसायचे, विजार गुडघ्यापर्यंत दुमडायची आणि निळ्या बादलीत पाय सोडून दुपार घालवायची, असा त्यांचा क्रम होता. हातात कलिंगडाची फोड. बिया ते समोरच्या रिकाम्या कुंडीत नेम धरून थुंकत. नेम बहुधा चुकत असे आणि त्याचे त्यांना काडीचेही वाईट वाटत नसे. मला मात्र हे फार खुपायचे.

"काका, तुम्ही इथे नेमकं काय करता?" मी एकदा विचारले.

"काही नाही."

"पण ते करता कसं?"

काकांनी खरोखर विचार केला. "बसतो," ते म्हणाले, "आणि मग उठत नाही."

इतकी स्वच्छ कार्यपद्धती मी आमच्या खात्याच्या एकाही परिपत्रकात वाचलेली नाही.

त्याच वर्षी संथ उन्हाळा घरीच घालवण्याची टूम निघाली होती. लोक कुठेही न जाता घरी राहात आणि घरी राहिल्याचे फोटो दाखवायला एकमेकांकडे धापा टाकत जात. अख्ख्या इमारतीला निवांतपणा हवा होता, आणि तो कसा असतो हे ठाऊक असलेला एकमेव माणूस आमच्या गॅलरीत बसला होता. मी लगेच 'ग्रीष्मसुख मार्गदर्शन केंद्र' अशी पाटी रंगवून घेतली. (काकांना विचारले नाही, असे काकू म्हणते. पण काका त्या वेळी बसलेले होते, आणि बसलेल्या माणसाला उठवणे केंद्राच्या ध्येयात बसत नव्हते.)

पहिले शिष्य तळमजल्यावरचे दंतवैद्य. हा माणूस हातात गुरगुरते यंत्र धरून दिवसभर लोकांना "अगदी आरामात बसा" म्हणतो; स्वतः मात्र कधी बसलेला नाही. त्यांनी बादलीत पाय घातले आणि लगेच विचारले, "लागू पडायला लागलं का?"

"काय?" काका म्हणाले.

"सुख!"

"ते मला काय माहीत? पाणी गार आहे का?"

"आहे."

"मग झालं तर."

दंतवैद्य इतके हेलावले की दुसऱ्या दिवशी बायको, मेहुणा आणि अर्धा जबडा बधिर केलेला एक पेशंट घेऊन आले. पेशंटला काही बोलता येईना; त्यामुळे शांततेचे पहिले बक्षीस त्यालाच द्यावे लागले.

पाहता पाहता गॅलरी पुरेना. मग बादल्या स्वयंपाकघरात आल्या, जिन्यात गेल्या, पार गच्चीच्या दारापर्यंत पोचल्या. शिस्तीसाठी मी काही नियम लावले. पाय एका वेळी एकच भिजवावा. दुसरा पाय पहिल्याचा अनुभव विचारात घेऊन भिजवावा. गार फरशीवर लोळताना डावीकडून जाण्याचा नियम पाळावा. मुंगी दिसल्यास तिच्याकडे शांतपणे पाहावे, तिला अडवून चौकशी करू नये. डुलकी लागल्यास हात वर करावा. (या नियमामुळे पुष्कळांची डुलकी मोडली, परंतु नोंद अचूक राहिली.) पाहणीत तीन चतुर्थांश लोकांनी सुख वाटल्याचे सांगितले. उरलेल्यांनाही वाटले होते, पण शेजारच्या बादलीपेक्षा कमी वाटले, अशी त्यांची तक्रार होती.

या भरभराटीचा सगळा भार काकांवर होता. ते पहाटे उठून बादल्या भरत. तुकडी आली की प्रात्यक्षिक देत: खुर्चीत बसत, उठत, पुन्हा बसत. वाकून एकेकाचे अंगठे सरळ करत. कलिंगडे कापून कापून त्यांचे मनगट सुजले. बिया थुंकणाऱ्यांचा नेम सुधारावा म्हणून मी काकांनाच कुंडीपाशी उभे केले होते. ते संध्याकाळी अंगावरच्या बिया झटकून, न जेवता झोपत. त्यांचे स्वतःचे पाय मात्र पाण्याला लागेनासे झाले.

लग्न झाल्यापासून "किती बसाल?" असे विचारत आलेली माझी काकू एके दिवशी त्यांच्यापुढे बादली ठेवून म्हणाली, "अहो, टेका हो जरा. मी हात जोडते."

मी पुढची तुकडी आल्याचे नम्रपणे निदर्शनास आणले.

"अरे मेल्या," काकू माझ्याकडे वळली, "सारा जन्म त्यांनी लोकांच्या घड्याळांपुढे मान मोडली. मागितलं काय, तर बादलीभर पाणी! तेही तू काढून घेतलंस?"

मला वाईट वाटले. खरेच वाटले. पण बाहेर रांग होती.

आणि एका सकाळी काका गायब. तुकडी कोरड्या बादल्यांत पाय घालून बसलेली, दंतवैद्य दातओठ खाताहेत, मी कावराबावरा. काकू मात्र शांतपणे लिंबू पिळत होती.

"इस्त्रीचा शर्ट घालून गेले," ती म्हणाली. "नोकरी धरलीय त्यांनी."

"या वयात?"

"या घरात दुसरं काय करतील?" काकू म्हणाली.

मी पत्ता घेऊन पोचलो. हरवलेल्या वस्तूंचे सरकारी कार्यालय. जाड भिंती, अंधारी गार खोली, फळ्यांवर छत्र्याच छत्र्या. उन्हाळ्यात तिथे चिटपाखरू फिरकत नाही, कारण छत्री हरवल्याचे माणसाला पावसातच आठवते. समोर उंच लाकडी टेबल आणि त्यामागे काका, डोक्यापासून छातीपर्यंत अत्यंत कार्यमग्न. मी काही बोलणार इतक्यात टेबलाखाली चुळुक् असे वाजले.

मी वाकून पाहिले. बादली!

"ही कुणाची?"

"हरवलेलीच आहे," काका म्हणाले. "मालक आला की देऊन टाकू."

पलीकडच्या टेबलाखालूनही चुळुक् वाजले. ते साहेब होते.

"काका, घरी चला. लोक खोळंबलेत!"

"त्यांना सांग, मी कामात आहे."

रिकाम्या माणसाला कोणीही उठवावे. कामात असलेल्याला हात लावायची आपल्याकडे कोणाची छाती नाही. स्वतःच्या घरातल्या खुर्चीत जे त्यांना मिळेना, ते काकांनी हजेरीपटावर सही करून मिळवले होते. त्यांनी ड्रॉवरमधून कलिंगडाची फोड काढली, सावकाश चावली आणि एक बी थेट छत्र्यांच्या दिशेने उडवली. इतका आनंदी सरकारी नोकर मी सेवेत कधी पाहिला नाही. मला हसू आवरेना. साहेबही हसू लागले.

केंद्र अर्थात चालूच आहे. आणि वाचकहो, त्या कार्यालयाचा पत्ता द्या, असे तुम्ही आता म्हणालच. तुमच्या घरी नळ आहे, बादली आहे, पायही बहुधा आहेत. तरी पत्ता हवा. तो मी काकूला भिऊन देणार नाही. पण तुमच्यासारख्यांची सोय आम्ही केली आहे. आमच्या जिन्यापासून रांग सुरू होते. निवांत बसायचे असेल तर पळत या, दंतवैद्यांनी मधे घुसायच्या आत.