तात्यांची करंगळी

आमचे शेजारी तात्या चौगुले मध्यंतरी कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीकडं बघायचे. बटण दिसलं की डाव्या करंगळीनं दाबायचे, परत दाबायचे आणि तोंड वाकडं करून म्हणायचे, "न्हाय. जड हाय." एका लग्नात त्यांनी असाच पंखा बंद केला. अख्खी पंगत घामाघूम, आणि हे आपले "आवाज बरा हाय की" म्हणत उभे.

तात्या कसबा बावड्यातले म्हशीवाले. धारा काढून काढून हात असे झालेत की त्यांच्या हातात हात द्यायची सोय नाही. काकींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. डाव्या हातातही जोर राहिला नाही. तात्या परसातल्या गोठ्यात, काकींची हाक उंबऱ्यापर्यंतही पोचत नाही. एकदा पाण्यासाठी धडपडताना त्या पलंगावरून खाली पडल्या. त्या दिवशी तात्यांनी ठरवलं, गोठ्यात बेल बसवायची आणि बटण काकींच्या हाताशी ठेवायचं.

बेल, वायर, सेल एका फेरीत मिळालं. अडलं ते बटणाशी. "रांगडं पायजे" म्हणून पहिलं आणलं ते गिरणीला शोभेल असं, लालभडक. तात्यांच्या अंगठ्याखाली ते लोण्यासारखं दबलं. काकींच्या बोटाखाली हललंसुद्धा नाही. तेव्हापासून तात्यांचा स्वतःच्या हातावरचा विश्वास उडाला. त्यातल्या त्यात अशक्त म्हणून डावी करंगळी परीक्षेला बसायला लागली.

दुसरं बटण इतकं हलकं निघालं की चादर पडली तरी बेल वाजायची. तात्या धार अर्धवट सोडून धावत यायचे, तर काकी घोरत असायच्या. शेवटी म्हशीनं पान्हा चोरला.

"असलं भित्रं नगं," तात्या म्हणाले. "दाबल्यालं तिला कळलं पायजे. टक म्हणलं पायजे."

मी घरूनच काम करतो, तेच मला भोवलं. एका सकाळी तात्या चहाला आले आणि त्यांनी माझ्या कॉम्प्युटरच्या माऊसवर करंगळी ठेवली. टक. परत टक. चेहरा असा खुलला की मला धडकीच भरली.

"सुनीलराव, ह्ये द्या."

"तात्या, चालू माऊस आहे. माझं पोट आहे त्याच्यावर."

"दुकानात मिळतोय की नवा."

बटणंही दुकानातच मिळतात, हे सांगून उपयोग नव्हता. चहा उकळेपर्यंत माऊसचं पोट उघडलं होतं.

माऊसमधलं ते बटण काकींच्या हाताशी बसलं. काकींनी दाबलं आणि गोठ्यात बेल वाजली. चला, करंगळी सुटली, असं मला वाटलं.

काल दूध आणायला गोठ्यात गेलो, तर खांबावर ते जुनं लालभडक बटण.

"हे कशाला?"

"तिनं दाबल्यालं मला ऐकू येतंय. पर मी ऐकलं ते तिला कसं कळायचं? दाराकडं बघत पडायची. तिच्या उशाशी बारका दिवा लावलाय. ह्ये दाबलं की पेटतोय."

तेवढ्यात बेल वाजली. तात्या धारेवरून उठले नाहीत. नुसता हात लांब करून अंगठ्यानं लाल बटण दाबलं.

मी म्हटलं, "अहो, जा की. काकींना काहीतरी हवं असेल."

"काय पायजे असलं की दोनदा वाजवती."

"मग आता एकदाच का वाजवली?"

"हाय का, म्हणून इचारलं." तात्यांनी चरवी गुडघ्यांत नीट धरली. "मी हाय म्हणलं."