चारशे बारा दिवसांचे सेल

सेल निवडणे हा बाजारहाट नसून विचाराचा प्रांत आहे, असे निवृत्त प्राध्यापकांचे ठाम मत होते. आणि मुलीकडे दहा दिवस जायचे ठरताच ते सिद्ध करण्याची संधी चालून आली. गच्चीवरच्या कुंडीत बायकोचे लिंबाचे झाड होते. तिच्या वडिलांनी शेवटच्या आजारपणात रुजवलेले, आणि सात वर्षांनी यंदा प्रथमच फळ धरलेले.

त्याच्यासाठी प्राध्यापकांनी साबणाच्या डबीएवढे यंत्र जुळवले. त्याने तासातून एकदा जागे व्हायचे, मातीचा ओलावा मोजून मोबाइलवर कळवायचा, माती कोरडी असल्यास बाटलीतले पाणी पंपाने सोडायचे आणि पुन्हा झोपायचे. साधे सेल उन्हात पाझरतात म्हणून नापास झाले. चार्जिंगचे बसल्या जागी झिजतात म्हणून. घड्याळातला टिकलीएवढा सेल तर पंप सुरू होताच मान टाकतो. अखेर दुकानदाराला पाऊण तास छळून त्यांनी लिथियमचे सेल आणले आणि भाजीच्या यादीमागे आकडेमोड करून निकाल दिला, “चारशे बारा दिवस.”

“आपण दहाच दिवस जातोय,” बायको म्हणाली. “शेजारच्या वहिनींना किल्ली देऊन ठेवू का?”

शास्त्रावर विश्वास नसलेल्या समाजांचे काय झाले, हे त्यांनी तिला सविस्तर सांगितले. ती गप्प बसली. तिचे गप्प बसणे म्हणजे होकार, हे गृहीतक चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी एकदाही तपासले नव्हते.

मुलीकडे पोचताच आकडा आला: ओलावा बासष्ट टक्के. तो जावयाने पाहिला, विहीणबाईंनाही पाहावा लागला. पण पुढच्या आकड्यासाठी तासभर ताटकळणे प्राध्यापकांना सोसवेना. त्यांनी मोबाइलवरून यंत्राला हुकूम सोडला: यापुढे दर मिनिटाला. चारशे बारा दिवसांचा हिशेब झोपाळू यंत्राचा होता. आता त्याचा डोळा लागेना. सातव्या दिवशी आकडे थांबले.

प्राध्यापक अर्ध्या ताटावरून उठू लागले. दोन दिवस कळ काढून ते बायकोला म्हणाले, “झाड बहुतेक गेलं. माझ्यामुळे.”

तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. “जेवा आता. किल्ली मी वहिनींना देऊनच आलेय. रोज पाणी घालतायत त्या.”

परतल्यावर पाहतात तो झाड टवटवीत आणि यंत्राची बाटली काठोकाठ भरलेली. पंप एकदाही चालला नव्हता. ज्या ओलाव्याचे कौतुक त्यांनी विहीणबाईंकडून वसूल केले होते, तो वहिनींच्या तांब्यातला होता. निदान शास्त्राचे चार थेंब तरी झाडाला लाभावेत, म्हणून त्यांनी बाटली उचलून कुंडीवर तिरकी केली.

“नको, भाऊजी,” कठड्यापलीकडून वहिनी म्हणाल्या, “आत्ताच घातलंय.”