टोकन काढ, मग बोल

सोपानदादांना किती वाजले असं विचारलं, की ते घड्याळ बांधलेला हात पाठीमागे न्यायचे आणि म्हणायचे, "आधी टोकन काढ."

थट्टा करत नाही. माझ्याकडून त्यांनी वेळेपोटी दोनदा टोकन घेतलंय. पहिल्यांदा ते परत मागायला गेलो तर म्हणाले, "येळ परत कर, मंग टोकन ने." आता सांगितलेली वेळ परत कशी करायची? मी जेवणाची सुटी अर्धी संपेपर्यंत खिडकीशी डोकं खाजवत उभा. शेवटी त्यांनाच माझी दया आली. घड्याळ खिशात घालून त्यांनी मला विचारलं, "किती वाजलं रं?" मी भिंतीवरचं घड्याळ बघून सांगितलं आणि व्यवहार मिटला.

कारखाना न बघितलेल्यांसाठी सांगतो. आमच्या पिंपरीच्या कंपनीत टूल स्टोअरला एक जाळीची खिडकी होती. ड्रिल हवं, रीमर हवा, मायक्रोमीटर हवा, की आपल्या नंबराचं पितळी टोकन खिडकीत द्यायचं. सोपानदादा ते त्या वस्तूच्या खिळ्याला अडकवणार. वस्तू परत आली की टोकन परत. ही पद्धत सगळ्याच कारखान्यांत असते. फक्त बाकीच्या ठिकाणी ती संध्याकाळी गेटपाशी संपते. सोपानदादांच्या बाबतीत ती त्यांच्याबरोबर सायकलवर बसून चिखलीला घरी जायची.

घरी चुलीमागे खिळ्यांची फळी होती. शेजारणीला पुरणयंत्र हवं असेल तर एक वाटी ठेवून जावं लागे. पुतणीच्या लग्नात नवरदेवाच्या मामांनी आंघोळीला घंगाळ मागितलं, तेव्हा दादांनी त्यांचा फेटा ठेवून घेतला. मामा घंगाळ परत करायचं विसरले आणि मंगलाष्टकांना बोडक्या डोक्याने उभे राहिले. वरपक्ष रुसला, तर दादा शांतपणे म्हणाले, "वस्तू हरवत न्हाई. मानूस इसरतो. घंगाळ आना, फेटा न्या."

हे वाक्य ते दिवसाला दहा वेळा तरी म्हणत. त्यांच्या रजिस्टरात दरवर्षी शेकडो नोंदी, आणि इतक्या वर्षांत 'हरवले' असा शेरा एकदाच पडलेला. ती नोंद कशाची, असं कोणी विचारलं की ते रजिस्टर मिटून त्यावर डबा ठेवायचे.

आता फुटबॉलकडे येतो. आमच्या कामगारांचा एक क्लब होता. म्हणजे एक चांगला बॉल, एक ठिगळाचा बॉल, बॉयलर सूटच्या उरलेल्या कापडाच्या निळ्या जर्सी आणि कँटीनकडून दर मॅचला मिळणारी लिंबं. त्यातली निम्मी लिंबं कँटीनमध्येच सरबत होऊन संपत. मैदान कँटीनच्या मागे. त्याच्या एका टोकाला खडी पडलेली होती, म्हणून आमचे फॉरवर्ड हाफ टाइमनंतर तिकडे धावायला तयार नसत.

बॉल राहायचे टूल स्टोअरमध्ये, त्यामुळे सोपानदादांचा या खेळाशी संबंध आला. खेळ त्यांना कधी कळला नाही. कंपनीच्या वस्तूला लाथ मारायची, हेच मुळात त्यांना खटकायचं. पण गुरुवारी, आमच्या सुटीच्या दिवशी, सकाळी मॅच असली की ते रजिस्टर घेऊन रेषेवर हजर. बॉल बाहेर गेला की लिहायचे 'गेला', आत आला की 'आला'. स्कोअर विचारला तर त्यांना सांगता यायचा नाही, पण बॉल किती वेळा बाहेर गेला ते बरोबर सांगत.

एकदा समोरच्या टीमचा कॅप्टन हवा भरायचा पंप मागायला आला. त्याच्याकडे टोकन कुठलं असणार? त्याने डावा बूट ठेवला. तेवढ्यात रेफ्रीने शिट्टी मारली आणि गडी तसाच खेळायला उतरला. खडीच्या टोकाला आला की एका पायावर उड्या मारायचा. आम्ही ती मॅच जिंकलो, आणि त्या मोसमात तेवढीच जिंकलो.

क्लबचे मॅनेजर होते दापोडीचे इब्राहिमभाई, आमचे सीनियर फिटर. लहानपणी खडकीच्या मैदानांवर लष्कराच्या टीमा बघून बघून त्यांना हा नाद लागलेला. पोरं निवडायची, कोणाची शिफ्ट बदलली की सुपरवायझरच्या पाया पडून ती फिरवून आणायची, रेफ्रीला अत्यंत अदबीने शिव्या घालायच्या, हे सगळं तेच करत. दुपारी दादांबरोबर एकाच बाकावर जेवायला बसायचे. इब्राहिमभाई ऑफसाइड समजावून सांगत, दादा मान हलवत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मग डोळ्यांचा त्रास वाढला म्हणून इब्राहिमभाईंनी नोकरी वेळेआधीच सोडली. आम्ही हार घातला, फोटो काढला, आणि नवा मोसम जवळ आला तसे आता कोण मॅनेजर होणार यावर भांडायला लागलो.

भांडायची जागा टूल स्टोअरची खिडकी. आत भिंतीवर दादांनी टीमची फळी लावली होती. प्रत्येक खेळाडूने जर्सी नेताना एक जादा टोकन ठेवलेलं. इब्राहिमभाईंनी सांगितलं होतं तशी ती अकरा टोकनं लावलेली, खाली गोलकीपर, वर फॉरवर्ड. आणि सगळ्यांच्या वर मॅनेजरचा खिळा, रिकामा.

मी क्लबचा सेक्रेटरी, म्हणजे फॉर्म भरणारा. पुण्याच्या स्पर्धेचा फॉर्म महिन्याच्या शेवटच्या शनिवारपर्यंत जायला हवा होता, आणि त्यावर मॅनेजरची सही लागायची. फॉर्म गेला नाही तर वर्षभर खेळ बंद, आणि ते मैदान सायकल स्टँडला घ्यायला पर्सोनेल ऑफिस टपलेलंच होतं.

आमचा डावा विंगर पांडू म्हणाला, "ड्रॉइंग ऑफिसातल्या नायरला करू. केरळचा माणूस आहे, फुटबॉल कोळून प्यालाय."

दादांनी रजिस्टर उघडलं. "नायर. पेन्सिल कोरायचं पातं नेलं. परत आलं तवा पात्याला जाम लागलेला."

"कसला जाम?"

"पावाचा. कंपनीच्या पात्यानं पाव कापनारा मानूस अकरा पोरं संभाळनार व्हय?"

मग देशपांडेसाहेबांचं नाव निघालं. त्यांच्याकडे स्कूटर होती, म्हणजे बॉल आणि गोलकीपर दोघांची सोय. दादांनी पुन्हा पानं उलटली. "मायक्रोमीटर आनला. पेटी आनली. पेटीतलं फडकं न्हाई आनलं."

मी म्हटलं, "अहो दादा, साहेब आहेत. फडकं विसरले असतील."

"आन मैदानात गोलकीपर इसरले तर?"

मी वैतागून महाळुंग्याचा माझा ओळखीचा एक पैलवान आणला. आवाज असा, की कँटीनमधले कप हलायचे. त्याच्याकडे टोकन नव्हतं म्हणून दादांनी मॅनेजरच्या खिळ्याला एक वॉशर अडकवला. गुरुवारची मॅच सुरू झाली. समोरचा फॉरवर्ड आमच्या गोलकडे सुटला आणि पैलवान ओरडला, "धर त्याला, कमरेला धर, सोडू नको." आमचा फुलबॅक आज्ञाधारक. त्याने धरलं, उचललं आणि चितपट केलं. पैलवानाने टाळ्या वाजवल्या, रेफ्रीने पेनल्टी दिली. शुक्रवारी दादांनी तो वॉशर काढून पुसला आणि वॉशरच्या डब्यात परत टाकला.

असं तीन आठवडे चाललं. जो येईल त्याच्यात खोट. कोणी पाना उलटा ठेवलेला, कोणी तेलाचा डबा उघडा टाकलेला. बुधवारी मी खिडकीवर हात आपटून म्हणालो, "दादा, मग तुम्हीच व्हा ना मॅनेजर. परवाचा दिवस आणि शनिवार, संपलं. क्लब बुडाला तर तुमच्या रजिस्टरात लिहा, बॉल गेला, आलाच नाही."

दादा चिडले नाहीत. नुसते म्हणाले, "मला ऑफसाइड कळत न्हाई रं." आणि फळीवरच्या टोकनांवरची धूळ पुसायला लागले.

म्हातारा हेकट आहे, आणि इब्राहिमभाईंशिवाय तो कोणाचं ऐकणार नाही, हे मला दिसत होतं. म्हणून गुरुवारी सकाळी मी दापोडीला निघालो. त्यांच्याकडून दोन ओळींची चिठ्ठी घ्यायची, नायरला घ्या म्हणून, आणि दादांच्या तोंडावर मारायची. रेल्वेच्या कडेची ती गल्ली शोधताना माझ्या लक्षात आलं, की इब्राहिमभाई नोकरी सोडून गेल्याला सात महिने झाले होते आणि त्यांचं घर मी पहिल्यांदा विचारत होतो. जीभ चावली. पण चावून काय उपयोग?

दार उघडं होतं. आतून आवाज आला तो सोपानदादांचा.

"आन मंग पैलवान म्हनला, कमरेला धर."

आणि इब्राहिमभाईंचं हसणं. मी उंबऱ्याबाहेरच थांबलो.

इब्राहिमभाई खाटेवर बसले होते. समोर एक मोठं ताट. ताटात टोकनं मांडलेली, खाली गोलकीपर, वर फॉरवर्ड. ते एकेक टोकन बोटांनी चाचपत होते. पितळेत नंबर ठोकलेले असतात, बोट फिरवलं की कळतात. डोळे माझ्याकडे होते, पण मी त्यांना दिसत नव्हतो. काचबिंदूने सगळं नेलं होतं.

"सत्तेचाळीस," इब्राहिमभाई म्हणाले. "हा पांडू. सोपान, अरे याला पुन्हा डावीकडे ठेवलास? याचा डावा पाय फक्त चालायला आहे."

"तुमीच ठिवला व्हता."

"तेव्हा मला दिसत होतं, तरी चुकलो. इकडे आण त्याला. और मॅनेजर? कोणाला टांगलं?"

"कुनालाच न्हाई. खिळा मोकळा हाय."

"बस कर आता. नायरला टांग. चांगला पोरगा आहे."

"पात्याला जाम लावतो," दादा म्हणाले आणि त्यांनी डब्यातून बारावं टोकन काढून इब्राहिमभाईंच्या तळहातावर ठेवलं. इब्राहिमभाईंनी त्यावर अंगठा फिरवला. एकशे बारा. त्यांचा स्वतःचा नंबर. नोकरी सोडताना जमा केलेलं टोकन.

"हे तर हरवलंय ना?"

"व्हय. रजिस्टरात लिवलंय तसं."

मी दाराची चौकट धरली. ज्या माणसाने नवरदेवाच्या मामांना फेटा दिला नाही, त्याने दर बुधवारी अकरा टोकनं डब्यात घालून गेट पासाशिवाय कंपनीबाहेर काढली होती. गेटवरचा हवालदार सगळ्यांचे डबे उघडायचा, दादांचा कधीच नाही. सापडले असते तर नोकरी गेली असती, इतक्या वर्षांची. आणि मला पुण्याच्या फॉर्मची काळजी पडली होती. मला स्वतःची फार लाज वाटली.

खाकरून आत गेलो. दादांनी ताटावर टॉवेल टाकला, पण उशीर झाला होता.

"कोण?" इब्राहिमभाईंनी विचारलं.

"कदम. सेक्रेटरी," मी म्हणालो. "सहीला आलोय." आणि फॉर्म काढला. चिठ्ठीचं नावही काढलं नाही. मॅनेजर नोकरीतच असला पाहिजे असं फॉर्मवर कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी वाटेत तीनदा वाचला होता.

"वेडा झालास का? मला दिसत नाही रे."

"रेफ्रीला तरी कुठे दिसतं?"

इब्राहिमभाई इतके हसले की डोळे पुसायला लागले. दादांनी त्यांचं बोट धरून बरोबर रेघेवर टेकवलं. सही तरीही खालच्या खजिनदाराच्या जागेपर्यंत गेली.

परत निघालो तेव्हा दादा माझ्याबरोबर स्टेशनपर्यंत आले. तिकीट खिडकीपाशी थांबले, खिशात हात घातला आणि स्वतःचं टोकन माझ्यापुढे धरलं. नंबर एकोणीस. टूल स्टोअरच्या खिडकीच्या आतला माणूस टोकन देतो, हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

"कशाचं, दादा?"

"तू आत काय बघितलं, त्ये कुनाला बोलायचं न्हाई. तुजं गप्प ऱ्हानं मी उसनं घेतो. टोकन ठेव."

मी ठेवलं. शुक्रवारी मॅनेजरच्या खिळ्याला एकशे बारा नंबर लटकत होता. कोणी विचारलं तर दादा म्हणायचे, "सापडलं." पांडू उजव्या विंगला गेला आणि तिथेही तसाच खेळला. पुढचे चार मोसम आमची टीम दर शुक्रवारी सकाळी डब्यातून यायची. आम्ही हरायचो, पण खाटेवरून ठरवलेल्या पद्धतीने हरायचो.

इब्राहिमभाई गेले, त्यानंतर दोन वर्षांनी दादा रिटायर झाले. जाताना टोकन जमा करावं लागतं. त्यांनी खिडकीतून माझ्याकडे बघितलं. मी खिशात हात घातला, तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं. रजिस्टर ओढलं आणि एकोणीस नंबरापुढे आपल्या हाताने लिहिलं, हरवले.

गेल्या पौषात दादाही गेले. आज हे सगळं लिहून मी माझं गप्प राहणं परत घेतलं. म्हणजे त्यांच्या नियमाप्रमाणे मला टोकन परत करायला हवं. म्हणून दुपारी ते घेऊन टूल स्टोअरशी गेलो. खिडकीत नवा माणूस होता. त्याने विचारलं, काय पाहिजे? मी म्हणालो, काही नाही, किती वाजले?

त्याने लगेच सांगितलं.