हाकांचा कोंडवाडा

बोरवण गावात मदतीसाठी मारलेल्या हाकेत पत्ता नसेल, तर ती हाक गावभर भटकत राहते आणि शेवटी नगरपरिषदेचा माणूस तिला धरून कोंडवाड्यात घालतो. मोकाट जनावरं कमी झाल्यापासून कोंडवाड्यात जागा होतीच. हाका साधारण गुडघ्याएवढ्या असतात, कडेने पुसट. दुपारच्या उन्हात त्या एकमेकींना टेकून उभ्या राहतात आणि मधूनच एखादी "धावा हो!" म्हणते. कुठे धावायचं, ते तिलाही ठाऊक नसतं.

यंदा मोजणी झाली तेव्हा सत्तरपैकी बावन्न हाका लहान मुलांच्या निघाल्या. म्हणून मुलांना नीट हाक मारायला शिकवण्याचं काम अंगणवाडीच्या विमलताई तोडकरांकडे आलं.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "पप्पांचं नाव काय?"

सतराच्या सतरा मुलं म्हणाली, "पप्पा."

मग ताई चिकाटीने मागे लागल्या. आधी आपलं नाव, मग कुठे राहतो ते, मग काय झालं ते. आणि कुणी येईपर्यंत दारातून हलायचं नाही. तीन आठवड्यांत मुलं पाढे म्हणावेत तसं घडाघडा सांगू लागली. राहिली एकटी जुई कासार. साडेचार वर्षांची, महिन्याभरापूर्वीच आजोबांकडे राहायला आलेली. आवाज इतका हळू, की सरावातली तिची हाक जेमतेम वीतभर व्हायची.

"कुठं राहतेस गं बाळा?"

"आमच्या घरी."

"आणि ते घर कुठंय?"

जुई बराच विचार करायची. "तिथंच."

आजोबांना एकदा विचारून ठेवू, असं ताई रोज ठरवत आणि रोज राहून जाई. गुरुवारी अहवाल द्यायचा होता. त्यांनी 'सर्व मुले तयार' असं लिहून सही केली. जुई त्या दिवशी आलीच नव्हती. कागद घेऊन ताई नगरपरिषदेकडे निघाल्या, पण पाऊल उचलत नव्हतं.

कोंडवाड्याच्या फाटकाशी लिपिक रामटेके एका हाकेला आत घेत होते. हाक वीतभर होती. विमलताई धावत फाटकाशी गेल्या.

"अहो थांबा, ही आमच्या जुईची आहे!"

"ओळख चालत नाही, ताई," रामटेके शांतपणे म्हणाले. "हाकेनं स्वतः सांगायला हवं. मागं ओळखीवर एक सोडली होती, ती भलत्याच घरी गेली. ते बिचारे जेवायला बसले होते."

ताई हाकेपुढे उकिडव्या बसल्या. "सांग बाळा, काय झालं?"

"मी जुई," हाक म्हणाली. "आजोबा फरशीवर निजलेत. हलवलं तरी उठत नाहीत. आमच्या घरी या."

"ऐकलंत? आमच्या घरी," असं म्हणून रामटेक्यांनी तिला आत घालायला फाटक उघडलं.

तीन आठवडे शिकवलेलं सगळं ताईंनी बाजूला ठेवलं. हाकेच्या अगदी कानाशी वाकून त्या म्हणाल्या, "दारात उभं राहिलं की काय दिसतं गं?"

हाक थरथरली. वारा पडला होता.

"म्हैस," ती म्हणाली. "चंद्री. तिचं एक शिंग मोडलंय."

रामटेक्यांनी फाटक धरून ठेवलं. "म्हैस हा पत्ता होतो का, हा प्रश्न आहे."

"जनावरांची नोंद तुमच्याकडेच असते ना? मग बघा की!"

ते आत गेले, जाड वही घेऊन आले आणि बोट ओलं करून पानं उलटू लागले. "चंद्री नावाच्या म्हशी तीन. एकशिंगी एकच. कुंभारआळी, विहिरीच्या पलीकडे." त्यांनी चष्मा काढला. "मग हा पत्ताच झाला, ताई. पळा. दवाखान्याच्या गाडीला मी फोन करतो."

ताईंनी हाकेला कडेवर घेतलं आणि धूम ठोकली. हातातला कागद कुठे गळून पडला, त्यांना कळलंही नाही. हाकेला वजन नव्हतं, पण ती खूप गरम होती.

जुई दारातच उभी होती. जागची हलली नव्हती. आत जगन्नाथ कासार पडलेले. रक्तातली साखर एकदम उतरली होती. अर्धा तास आणखी गेला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

"मी बरोबर मारली?" गाडीत जुईने विचारलं.

ताईंनी तिला जवळ घेतलं. "बरोबर मारलीस गं. मीच नीट विचारलं नव्हतं."

संध्याकाळी दवाखान्यात आजोबांनी डोळे उघडले. जुईने त्यांच्या गालाला हात लावून पाहिला आणि तिला जांभई आली. ताई तिला घेऊन बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. नर्स सलाईन बघायला आली, तेव्हा खाटेशी हाक उभी होती.

"पेशंटजवळ एकालाच थांबता येतं," नर्स म्हणाली. "ही थांबणार आहे का?"

"थांबू दे. दमलीये," आजोबा म्हणाले आणि पाय आखडून घेत त्यांनी पायथ्याशी तिला जागा करून दिली.