सुमनकाकूंचं नाक

सुमनकाकू शिर्के कॉम्प्युटर तपासायला आल्या की आधी त्याचा वास घेत.

अक्षरशः वास. कॅबिनेटच्या मागच्या पंख्याला नाक लावायचं, डोळे मिटायचे आणि खोल श्वास घ्यायचा. घरातली माणसं तोवर गप्प उभी. पहिल्यांदा आमच्याकडे आल्या तेव्हा डोळे उघडून माझ्या बायकोला म्हणाल्या, "वंदना, या भिंतीपलीकडे तुझा ओटा आहे का गं?"

"हो. का?"

"याला रोज हिंगाची फोडणी मिळतेय. पंख्यावर तेलकट धूळ बसलीय, धड फिरत नाही. मग हा तापतो आणि बंद पडतो. त्याचा काही दोष नाही."

स्क्रू काढून पाहिलं, तर पंख्यावर खरंच काळपट चिकटा. काकूंनी जुन्या टूथब्रशने तो खरवडला, मेमरीची पट्टी काढून तिचे दात खोडरबराने घासले, फुंकर मारून परत बसवली. कॉम्प्युटर सुरू झाला. कमरेवर हात ठेवून काकू गरजल्या, "चालशे नहीं, दोडशे!" चालेल कसला, धावेल! बडोद्याच्या अकोटा भागातल्या आमच्या सोसायटीत ही आरोळी आली की समजायचं, कुणाचा तरी कॉम्प्युटर उठून बसला.

तेव्हा बडोद्यात घरोघरी सुटे भाग जोडून केलेले कॉम्प्युटर आले होते. मुलांच्या अभ्यासासाठी म्हणून घ्यायचे, त्यावर मोठ्यांनी पत्ते खेळायचे, आणि चारेक वर्षांत ते कुरकुरू लागले की दुकानदार सांगायचा, "हवे नवुं लई लो." हे वाक्य काकूंना शिवीसारखं लागे. "नवं घ्या म्हणायला अक्कल लागत नाही," त्या म्हणत. "काय बिघडलंय ते आधी सांग."

काकूंची नोकरी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत झालेली. नाक तिथेच तयार झालं. शेजारच्या पटेलभाईंच्या मशीनमध्ये त्यांनी अगरबत्तीची काजळी हुंगून काढली आणि फर्मावलं, "भगवानने थोडा आघा बेसाडो!" पटेलभाईंनी निमूटपणे देव्हारा दुसऱ्या कोपऱ्यात हलवला. तळमजल्यावरच्या देसाईंचा कीबोर्ड त्यांनी उलटा करून आपटला, तर मूठभर शेव पडली.

फी म्हणून काकू फक्त एक गोष्ट मागत. मेलेला भाग. निकामी पंखा, जळका पॉवर सप्लाय, तुटकी केबल, जे निघेल ते पिशवीत. कुणी नवा कॉम्प्युटर घेतला की भंगारवाल्याच्या आधी काकू दारात हजर. "म्हातारीने घरात दुकान थाटलं असणार," वंदना म्हणायची. पण ते बघायला आत कोण गेलंय? काकू सगळं बोलणं दारातच संपवायच्या. त्यांचे यजमान कचेरीत टायपिस्ट होते, हल्ली आजारी असतात, एवढंच आम्हाला ठाऊक.

एका रविवारी सकाळी दार वाजलं. काकू उभ्या होत्या, आणि आरडाओरडा नव्हता.

"प्रकाश, जरा येतोस? आमचा कालपासून बंद आहे. मी हुंगून हुंगून दमले. कशाचाच वास येत नाही. आणि हात असे कापतायत... तू उघड, मी सांगते."

पहिल्यांदाच त्यांच्या घरात पाऊल टाकलं. पिवळ्या पडलेल्या मॉनिटरसमोर वेताच्या खुर्चीत काका बसले होते. दोन्ही हात मांडीवर थरथरत होते. माझ्याकडे पाहून त्यांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही.

"कंपवात," काकू म्हणाल्या. "आधी अक्षर गेलं, मग आवाज गेला. रिटायर झाल्यावर यांनी हा घेतला होता, लोकांचे अर्ज टाइप करून द्यायला. यातलं जुनं मराठी टायपिंग यांच्या बोटाला पाठ आहे. एका बोटाने लिहितात, मी वाचते. पुतण्याने नवा आणून ठेवला होता. त्यात अक्षरं भलतीकडेच. यांनी थोडा वेळ शोधली, आणि मग हात शालीत ओढून घेतला. परत पाठवला मी तो."

भिंतीतलं कपाट उघडं होतं. पंखे, केबली, पट्ट्या, सगळं झाडूनपुसून मांडलेलं. पुढच्या एका खेपेला आमच्याकडून नेलेला पंखासुद्धा होता.

"काकू, म्हणजे आमच्या घरी तुम्ही..."

"हात बसवून घेतला रे. यांच्या मशीनवर शिकाऊ प्रयोग कसे करणार?"

म्हणजे सोसायटीभर आम्ही प्रयोगशाळेतले उंदीर होतो.

मी झाकण काढलं, बटण दाबलं. पंखा जरासा हलला आणि थांबला. कपाटातला, काकूंनी दुरुस्त करून ठेवलेला पॉवर सप्लाय लावला. तेच. काकूंच्या आवाजात एकदम धार आली. "दोन्ही सप्लाय एकदम बिघडणार नाहीत. आत कुणीतरी वीज खातंय. सगळ्यांच्या वायरी काढ. मग एकेकाला आत घे."

वायरी काढल्या. पंखा भरारा फिरला. काकांची मान पुढे झाली. बंद करून एक वायर जोडली, सुरू केलं. फिरला. दुसरी जोडली. फिरला. हार्ड डिस्क लावताना काकूंनी माझं मनगट धरलं. "यांचं सगळं त्यातच आहे." पंखा फिरला. आता फ्लॉपीची वायर जोडली, बटण दाबलं, आणि टक् करून सगळं थांबलं.

मी काकूंकडे पाहिलं. ती वायर काढली. पंखा फिरला. परत जोडली. बंद!

"सापडला! मेल्या, तू होय!" काकूंनी तो फ्लॉपीचा डबा उपटून बाहेर काढला. "तुझ्यावाचून कुणाचं अडलंय?"

त्याच्याशिवाय मशीन सुरू केलं. हार्ड डिस्क घरघरली, मॉनिटर उजळला, त्यावर अक्षरं आली, आणि काकूंनी अशी काही आरोळी ठोकली, "चालशे नहीं, दोडशे!", की पटेलभाई ब्रश तोंडात तसाच धरून गॅलरीत आले. "शुं थयुं, काकी?"

"जिंकलो, पटेलभाई!"

काकांचा हात उठला. बोट हवेत थरथरत राहिलं, एका कळीवर टेकलं, मग दुसरीवर. खूप वेळाने पडद्यावर एक ओळ पूर्ण झाली. मी वाकून वाचली.

"प्रकाश, हिला सांग, ओरडू नकोस. माझे कान शाबूत आहेत."

"बघ! उठल्या उठल्या भांडण!" काकू म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले. मी दाराकडे वळलो. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. काकू काकांना खेटून बसल्या होत्या.

"हं, बोला," त्या अगदी हळू म्हणाल्या. "कालपासूनचं सगळं राहिलंय."